कूलरच्या खोलीतलं निवडुंग

निवडुंगाला काही लागत नाही, ते कुठंही वाढतं, त्याला मरण नाही, असं ठासून सांगणारी माणसं मला आयुष्यभर भेटली. त्यांच्यापैकी एकानंही ते कधी बियांपासून वाढवलेलं नव्हतं. मी वाढवलं आहे. हौस म्हणून नव्हे. हौस करण्याइतकं त्राण त्या वर्षी माझ्या अंगात नव्हतं. पण वाढवलं, म्हणून सांगते. मोठं निवडुंग उन्हात, दगडात, पाण्यावाचून उभं राहतं हे खरं. त्याचं पिल्लू मात्र मोहरीच्या दाण्याएवढं असतं आणि त्याला सतत ओल लागते. सतत ओल म्हटली की बुरशी आली. ओल कमी केली तर रोप सुकतं, राहू दिली तर कुजतं, आणि हे दोन्ही होऊ नये म्हणून दिवसातून चारदा बघायला घरात एक बाई लागते. ती मी होते.

सत्तरच्या दशकाच्या अगदी शेवटचा एक उन्हाळा. आम्ही वर्ध्याला भाड्यानं राहत होतो. समोर एक खोली, मग अरुंद बोळ, मागं स्वयंपाकघर, आणि त्यामागं जेमतेम भांडी घासता येतील एवढं अंगण. मी नगरपालिकेच्या शाळेत मास्तरीण होते. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्याकडे पद्धत नव्हती, आणि आता म्हातारपणी कागदावर घ्यायलाही मन होत नाही, तेव्हा इथंही 'हे' असंच म्हणते. तर हे मोजणी खात्यात भूमापक होते. सेलू तालुक्यातली, हिंगणीकडची, थेट तिथल्या धरणाच्या जंगलाला लागलेली शेतं ह्यांनी साखळी घेऊन पायी मोजलेली. घरी आले तरी बूड टेकत नसे. बोलता बोलता खोली पावलांनी मोजायचे, वळायचे, पुन्हा मोजायचे. मी म्हणायची, "अवो बसा ना जरासे, खोली काई वाढत नाई." तर हसायचे आणि चालतच राहायचे.

संक्रांत झाली आणि ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला. वय पंचेचाळीस. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, जीभ जड झाली. सेवाग्रामला दाखवलं, महिनाभर तिथं ठेवलं, मग घरी आणलं. निघताना डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की पायात जोर शिल्लक आहे, पण तो वापरायला हवा. पुढचे चार-पाच महिने काय ते. रोज उभं करा, दोन पावलं का होईना चालवा. पावसाळ्यापर्यंत नाही उठले तर पाय आखडेल, आणि मग खाटच. हे शेवटचं वाक्य मी घरी कुणालाच सांगितलं नाही. ते मी एकटीच सगळीकडे घेऊन फिरत होते, शाळेत, बाजारात, नळावर.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी मी ह्यांना माझ्या खांद्यावर हात टाकायला लावून उभं केलं. दोन पावलं टाकली आणि आम्ही दोघंही खाली आलो. नेमकी तेव्हाच शेजारीण विरजण मागायला दारात उभी. तिनं बिचारीनं धावत येऊन हात दिला, पण ह्यांनी तोंड भिंतीकडे केलं ते केलंच. त्यानंतर कितीही विनवलं, रागावलं, तरी उठायला तयार नाहीत. अख्खा तालुका पायाखाली घातलेला माणूस, आणि खाटेवरून पाय खाली सोडत नव्हता.

शाळा, स्वयंपाक, ह्यांची अंघोळ, ह्यांचं बाकीचं सगळं, धुणं, आणि अधूनमधून भेटायला येणाऱ्यांचा चहा. सासूबाई होत्या, पण त्यांचे गुडघे कामातून गेलेले. रोज दुपारी शाळेतून येताना मी आमच्या गल्लीच्या तोंडाशी क्षणभर थांबायची. घरात शिरायचं जिवावर यायचं. हे आज लिहिताना लाज वाटत नाही, तेव्हा फार वाटायची.

ह्यांनी गावोगावहून आणलेली निवडुंगं डालड्याच्या डब्यांत लावून खिडकीत ठेवलेली होती. त्यातल्या एका गोल, पांढऱ्या काट्यांच्या निवडुंगाला त्या फाल्गुनात मिरचीसारखी बारीक लाल फळं आली. ह्यांचं लक्ष गेलं. किती आठवड्यांनी ह्यांनी काही मागितलं. डावा हात खिडकीकडे करून म्हणाले, "बी... काढ. लावू." जीभ अडखळत होती, पण शब्द कळले. मला इतका आनंद झाला की मी हातातली भाजी टाकून फळं तोडायला धावले.

आणि तिथंच चुकले. फळ फोडलं, चिकट गरासकट बी घेतलं, आणि कुंडीतल्या मातीत मूठभर शेणखत घालून त्यावर पेरलं. आमच्याकडे मिरचीपासून मोगऱ्यापर्यंत सगळ्याला शेणखत घालतात. निवडुंगाला घालू नये हे माझ्या डोक्यात कुठून येणार? वरून काच झाकली. पाचव्या दिवशी काच उचलली तर मातीवर पांढरा कापूस पिंजून टाकलेला. बी दिसेना. ह्यांनी ते पाहिलं, काच ठेवायची खूण केली, आणि दोन दिवस नीट जेवले नाहीत. तेव्हा मला कळलं की ह्या कुंडीचं काय झालं यावर आता आमच्या घरातलं बरंच काही ठरणार आहे.

ह्यांच्यासोबत साखळी धरणारा चेनमन, वयानं ह्यांच्याहून मोठा, दर रविवारी हिंगणीहून एसटीनं भेटायला यायचा. त्याला हा प्रकार सांगितला तर तो पोट धरून हसला.

"साहेब, तिकडं वावराच्या धुऱ्याधुऱ्यानं निवडुंग उभं हाय. ढोरं खात नाई, माणूस पुसत नाई. अन् तुमी त्याले काचेखाली निजवून राह्यले?"

हे हसले. तोंड वाकडं झालेलं, त्यामुळे हसू अर्ध्याच बाजूला दिसलं. पुढच्या रविवारी तोच गडी धाम नदीची जाडी रेती पिशवीत भरून घेऊन आला आणि म्हणाला, "शेणखत नोका घालू बाई, रेतीत पाहा करून." ह्यांनीही मग अडखळत अडखळत, कधी डाव्या हातानं पाटीवर लिहून, एकेक सांगायला सुरुवात केली. कधीतरी कुण्या बागवाल्या अधिकाऱ्याकडून ऐकलेलं होतं म्हणे.

दुसऱ्यांदा सगळं सोवळ्यात करावं तसं केलं. उरलेल्या फळांतलं बी चहाच्या गाळणीत चोळून चोळून धुतलं, गराचा अंश राहू दिला नाही, आणि सावलीत कागदावर वाळवलं. रेती, विटेचा चुरा आणि थोडी माती एकत्र करून लोखंडी कढईत वाफ निघेस्तोवर भाजली. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"माती भाजून राह्यली का वं? आता मातीची भाकर खाऊ घालतं का आमाले?"

"तुमच्या लेकानं सांगतलं," मी म्हटलं.

"तो सांगन काईबी. त्या कढईत मी भाजी नाई खाणार."

नंतर खरंच खाल्ली नाही. ती कढई कायमची मातीची झाली. मातीचं पसरट परळ उकळत्या पाण्यातून काढलं, त्यात ती गार झालेली रेतीमाती भरली, आणि परळ ताटात ठेवून खालून पाणी पाजलं. पाणीसुद्धा उकळून निववलेलं, त्यात विहिरीत टाकायच्या लाल औषधाचा एक कण. बी ह्यांनी स्वतः पेरलं. डाव्या हातात ओली काडी धरून एकेक दाणा उचलायचा आणि मातीवर नुसता ठेवायचा, पुरायचा नाही. दोन तास लागले. मी परळ ह्यांच्या मांडीपाशी धरून बसले होते आणि मधे मधे मला डुलकी लागत होती. एकदा परळ कललं तर ओरडले. झटका आल्यापासून पहिल्यांदा ह्यांचा आवाज चढलेला ऐकला आणि बरं वाटलं.

आठव्या-नवव्या दिवशी हिरवे ठिपके दिसले. मग रोजचं काम सुरू झालं. काचेच्या आतल्या बाजूला जमलेले थेंब जुन्या धोतराच्या फडक्यानं पुसायचे, ते रोपांवर पडू द्यायचे नाहीत. एका कडेला आगपेटीची काडी सारून हवेला फट ठेवायची. एखादं रोप पारदर्शक, पाणचट दिसलं की सुई दिव्यावर धरून त्याला मुळाखालच्या मातीसकट उचलायचं आणि तिथं चिमूटभर कोळशाची पूड. सकाळी शाळेत जाण्याआधी एकदा, आल्यावर एकदा, संध्याकाळी दोनदा. हे खाटेवरून बघत आणि मोजत. दोन घास जास्त खात. पण उठायचं नाव काढलं की पुन्हा भिंतीकडे तोंड.

चैत्र संपत आला तशी वर्ध्याची ती दुपार सुरू झाली जिच्यात भिंतीला हात लावला तर पोळतो. आजारी माणूस घरात म्हणून माझ्या भावानं त्याचा पत्र्याचा कूलर आणून खिडकीत बसवून दिला. मागच्या वर्षीच्याच खसाच्या ताट्या होत्या, पण नव्या आणायला कोण जाणार? बादल्यांनी पाणी ओतलं, पंखा सुरू केला, खोलीभर खसाचा वास सुटला. हे डोळे मिटून पडले. आमच्याकडे घरात एकच कूलर असेल तर तो आजाऱ्याच्या आणि पाहुण्याच्या वाट्याला, ही रीतच. निवडुंगाचं परळही त्याच खोलीत, खाटेशेजारच्या स्टुलावर. घरातली सगळ्यात चांगली जागा ती, रोपांनाही चांगलीच असणार असं आम्ही धरून चाललो. उन्हाळाभर असंच चाललं असतं तर सगळी रोपं गेली असती.

आठवडाभरात पुन्हा कापूस. मी सुईनं रोपं काढत राहिले, कोळसा टाकत राहिले, माती तर भाजलेली होती, पाणी उकळलेलं होतं, मग ही बुरशी येते कुठून? रोज दोन-चार रोपं जात होती. ह्यांच्या कपाळावर आठी दिसायला लागली. पेज अर्धी उरायला लागली.

कारण कळलं ते झाडू मारताना. खाटेखालून ह्यांचे मोजणीचे बूट बाहेर ओढले तर त्यांच्यावर हिरवट लव धरलेली. मी ते हातात घेऊन तशीच बसून राहिले. वर्ध्यात, वैशाखात, बाहेर अंगणातलं धुणं पाच मिनिटांत कडक होत असताना, बुटांना बुरशी! वर पाहिलं तर कूलरमागची भिंत काळपट ठिपक्यांनी भरलेली. जुन्या ताट्यांचा वास नीट घेतला; खसाच्या आड कुबट वास होता. तो वारा आम्ही दिवसभर परळावर सोडत होतो. बूट मी अंगणात उन्हात ठेवले. पॉलिश मात्र केलं नाही. कुणासाठी करायचं, असं मनात आलं, आणि असं मनात आलं म्हणून मी बराच वेळ नळाखाली हात धूत राहिले.

परळ स्वयंपाकघरात नेलं. चुलीपासून दूरच्या कोपऱ्यात, जाड भिंतीला लागून, एका पाटावर ठेवलं. तिथं सावली होती आणि हवा कोरडी खट. दोन दिवसांत बुरशी आटोक्यात आली. रोपांचे खरे हाल संपले, माझे सुरू झाले.

ह्यांना रोपं बघायची असत. "आण," म्हणत. मी परळ उचलून बोळातून पुढं नेई, धरून उभी राही, हे बघत, मोजत, मग मी ते परत नेई, कारण कूलरच्या वाऱ्यात ठेवायचं नाही. सकाळी आण, जेवणाआधी आण, झोपून उठल्यावर आण, दिवेलागणीला आण. रेतीनं भरलेलं परळ, वर काच, खाली ताट. त्यातच मे महिन्यात सासूबाई लेकीकडे आर्वीला लग्नाला गेल्या आणि जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाल्या, "सांभाळजो वं." कूलरमध्ये पाणी भरणं, ह्यांना उचलणं, दुपारी पेपर तपासणं. शाळेला सुटी होती म्हणजे काय, तर गल्लीच्या तोंडाशी थांबायची सोयसुद्धा गेली.

एका दुपारी मी नुकतीच स्वयंपाकघराच्या फरशीवर पाठ टेकली होती. पुढून हाक आली, "अवं... आण."

मी उठले नाही.

"अवं..."

"मी नाई आणत आता," मी पडल्या पडल्या म्हटलं. "पाहाचं असन तं उठा अन् या."

 मग पुन्हा हाक, यावेळी मोठ्यानं. मी कूस बदलली. ताट घेऊन गेले तेव्हा ह्यांनी ते सरकवून दिलं. मीही समजूत काढली नाही. भांडी घासली, पाणी भरलं, अंग पुसून दिलं, औषध दिलं, आणि एक शब्द बोलले नाही. दुसरा दिवसही तसाच गेला. हे हाक मारत, मी जाऊन हवं नको बघून येई, परळ मात्र जागच्या जागी. शेजारणीला कुणकुण लागली. ती म्हणाली, "काऊन वं बाई, बिमार माणसाशी भांडतं का?" मी म्हटलं, "भांडत नाई. थकली मी." तिला ते पटलं नाही. तिचंही बरोबर होतं म्हणा.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला मी कणिक मळत होते. पाठ दाराकडे होती. समोरच्या खोलीत खाट करकरली. मग काहीतरी घासत गेल्याचा आवाज. डाव्या हाताचा तळवा भिंतीवरून सरकत होता. मग पाय ओढल्याचा. एक, थांबा. दोन, थांबा. बोळात आल्यावर धप्प आवाज झाला. पडले की बसले ते कळेना. ह्यांचा श्वास मला ऐकू येत होता. कुठलीही बाई धावली असती. माझे हात कणकेत होते आणि मी ते तसेच ठेवले, वळून पाहिलं नाही. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. मग पुन्हा भिंतीवरून हात, पुन्हा पाय.

उंबरठ्याशी आवाज आला, "सरक."

मी सरकले. हे भिंतीला धरून खाली घसरत पाटाशेजारी बसले. चेहरा घामानं निथळत होता, डाव्या हाताच्या बोटांची सालटं निघाली होती, पोपड्याचा चुना केसांत. बनियनच्या टोकानं काच पुसली, ती उचलून बाजूला ठेवली आणि परळावर वाकले.

"चार गेली," म्हणाले.

"तीन," मी म्हटलं. "मी काढली तीन."

"चार." ह्यांनी बोट दाखवलं. कडेचं एक खरंच पाणचट झालं होतं, माझ्या नजरेतून सुटलेलं. "सुई दे."

मी सुई तापवून दिली. डाव्या हातानं, मातीसकट, बाकीच्यांना धक्का न लावता ह्यांनी ते काढलं. मग मी रडले. कणकेच्या हातांनी तोंड झाकून चांगली मोठ्यानं रडले. ह्यांनी त्या जागी चिमूटभर कोळशाची पूड टाकली.

दुसऱ्या दिवशी हे दोनदा आले. मृग लागला तेव्हा अंगणापर्यंत जात होते. पावसाळाभर काचेचं, थेंबांचं, सुईचं सगळं काम ह्यांनीच केलं. पावसात बुरशी दुप्पट जोर करते, पण आता दिवसभर तिच्यावर डोळा ठेवणारा माणूस पाटाशेजारी बसलेला असे. दिवाळीनंतर काठी घेऊन कचेरीत जाऊ लागले, टेबलाचं काम मिळालं. परळातली मूठभर रोपं जगली. ऐंशीनंतर कधीतरी त्यांना पहिली फुलं आली तेव्हा हे त्यांना घेऊन गल्लीभर मिरवून आले.

आणि हे येईल त्याला सांगत, "हिनं मले चालवलं. परळ मागं नेऊन ठेवलं, अन् मले तिकडं ओढलं. मास्तरीण हाय ना, शिकवाची रीत माहीत हाय तिले." डॉक्टरांनीही माझी पाठ थोपटली. पुढं कितीतरी वर्षं, ज्यांच्या घरी असा रोगी आहे ती माणसं माझ्याकडे सल्ला विचारायला येत, आणि मी त्यांना काय काय सांगत बसे: जबरदस्ती करू नका, आवडीची वस्तू जरा लांब ठेवा, धीर धरा. लोक मान डोलवत. हे बाजूला बसून अभिमानानं माझ्याकडे बघत, आणि मी चहाचं निमित्त करून आत जाई.

कारण मी काही शिकवत नव्हते. परळ मागं नेलं ते बुरशीसाठी. उचलायचं थांबले ते हात दुखत होते म्हणून. ते तीन दिवस मी धीर धरून ह्यांची वाट बघत होते असं सगळ्यांना वाटतं. मी कशाचीच वाट बघत नव्हते. बोळात धप्प आवाज झाला तेव्हा माझ्या मनात भीती आली नाही, आशा आली नाही, फक्त एवढंच आलं की आता जे व्हायचं ते होऊ दे. हे गेले त्याला पुष्कळ वर्षं झाली. शेवटपर्यंत माझं कौतुक करत गेले, आणि मी ते करू दिलं. हे त्या दिवशी उंबरठ्यापर्यंत आले नसते, तरी मी उठले नसते.